‘ब्लू ट्रेन’मधला ट्रॉम्बोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमकं कोणतं रेकॉर्डिंग?

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’ या अल्बमचा पहिला, शीर्षक ट्रॅक. ब्लू नोट कंपनीसाठी १५ सप्टेंबर १९५७ रोजी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक इथे रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. लांबी पावणेअकरा मिनिटांच्या आसपास. वादक सहा: टेनर सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन, ट्रम्पेटवर ली मॉर्गन, ट्रॉम्बोनवर कर्टिस फुलर, पियानोवर केनी ड्र्यू, बासवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर फिली जो जोन्स. हे पान या सहांपैकी तिसऱ्याबद्दल आहे. मॉर्गन थांबतो आणि ड्र्यू सुरू करतो, त्यांच्या मधला काळ फुलरचा.

कोल्ट्रेनच्या अल्बमवर ट्रॉम्बोनवाल्याचीच चर्चा का?

कारण बाकीच्यांची पुष्कळ झाली आहे. कोल्ट्रेनची इथली आठ आवर्तनं (धुनेखालच्या ठरावीक चौकटीच्या आठ फेऱ्या) जगभरचे सॅक्सोफोन शिकणारे पाठ करतात. मॉर्गन तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता आणि त्याचं वादन ऐकून आजही ट्रम्पेटवाले मान डोलावतात. या दोघांनंतर फुलर येतो तेव्हा बहुतेक श्रोते दम खायला थांबलेले असतात. ‘ट्रॉम्बोन आला, आता जरा शांत’ असं मनात धरून ऐकलं की तो तसाच ऐकू येतो. मला हा अन्याय वाटतो. वाद्याची अडचण घेऊन त्यातूनच वाक्य कसं घडवायचं, हे या सहा जणांत सर्वांत स्पष्ट फुलरकडेच दिसतं.

कर्टिस फुलर कोण होता?

जन्म डेट्रॉईटचा, १९३२चा. जुन्या पुस्तकांत आणि रेकॉर्डांच्या पाठीवर १९३४ छापलेलं सापडेल. आईवडील लवकर गेले, बालपण अनाथालयात गेलं. तिथे असतानाच त्याने ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सनला प्रत्यक्ष वाजवताना ऐकलं आणि वाद्य ठरून गेलं. पुढे लष्कराच्या बँडमध्ये कॅननबॉल अ‍ॅडर्लीबरोबर वाजवलं. १९५७ साली युसेफ लतीफच्या गटाबरोबर न्यूयॉर्कला आला आणि काही महिन्यांतच ब्लू नोटच्या ध्वनिमुद्रणांमध्ये सगळीकडे दिसू लागला: बड पॉवेलबरोबर, जिमी स्मिथबरोबर, सॉनी क्लार्कबरोबर, शिवाय स्वतःच्या नावावर. ‘ब्लू ट्रेन’च्या वेळी त्याचं वय २४. नंतर ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या ‘जॅझ मेसेंजर्स’ या गटात १९६१ ते १९६५. २००७ मध्ये त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीचा ‘जॅझ मास्टर’ हा सन्मान मिळाला. मे २०२१ मध्ये तो गेला.

ट्रॅकमध्ये त्याचं एकलवादन कुठे येतं, हे नवख्याला कसं कळावं?

घड्याळ बघू नका, क्रम लक्षात ठेवा. आधी मुख्य धून: तिन्ही फुंकवाद्यं मिळून एक संथ, जराशी गूढ हाक देतात आणि मोकळ्या जागांत पियानो उत्तर देतो. मग कोल्ट्रेन. मग मॉर्गन, म्हणजे तीक्ष्ण, चमकदार, वरच्या पट्टीतला आवाज. तो थांबला की जो जाडसर, लोकरीसारखा मऊ कडांचा आवाज एकदम खालच्या मजल्यावरून बोलायला लागतो, तो फुलर. पियानो पुढे आला की त्याचं संपलं. त्यानंतर बास, आणि शेवटी पुन्हा मुख्य धून.

ट्रॅक साधारण मधोमध आला की कान टवकारा, चुकणार नाही.

हे सगळं आयत्या वेळी सुचलेलं आहे की लिहून आणलेलं?

मुख्य धून कोल्ट्रेनने लिहिलेली. त्याच्या एकलवादनामागे मॉर्गन आणि फुलर मिळून जी छोटी पुनरावृत्त फ्रेज वाजवतात, तीही ठरवलेली. एकलवादनं मात्र आयत्या वेळची. पण आयत्या वेळची म्हणजे वाऱ्यावर सोडलेली नव्हेत. खाली बारा मापांचा ब्लूज आहे, ई फ्लॅट या पट्टीतला. एक आवर्तन बारा मापांचं, प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. पहिली चार मापं घरच्या, म्हणजे पट्टीच्या मूळ स्वरावरच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर). पाचव्या मापाला कॉर्ड चौथ्या स्वरावर जाते, सातव्याला घरी परतते. नवव्यापासून तणाव चढतो आणि बाराव्यापर्यंत तो सुटतो. मग पुन्हा पहिल्यापासून. वादक हे आवर्तन डोक्यात फिरवत ठेवतो आणि त्यावर बोलतो.

ब्लू नोटची एक पद्धत इथे फार कामी आली. ही कंपनी ध्वनिमुद्रणाआधीच्या तालमीचेही पैसे देत असे. त्या काळी छोट्या जॅझ कंपन्यांमध्ये हे सरसकट होत नव्हतं. तीन फुंकवाद्यं ‘ब्लू ट्रेन’मध्ये एका श्वासात आत येतात, त्यामागे ही तालीम आहे.

ट्रॉम्बोन ट्रम्पेटपेक्षा जड का वाटतो? वाजवणाराच हळू असतो का?

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण फुलरचं वादन समजायला हीच किल्ली आहे.

दोन्ही वाद्यांत ओठांची थरथर माउथपीसमधून नळीत जाते आणि नळीतली हवा कंप पावते. ट्रम्पेटची नळी साधारण १.४ मीटर, टेनर ट्रॉम्बोनची जवळपास दुप्पट. म्हणून ट्रॉम्बोन एक सप्तक खाली बोलतो. माउथपीस मोठा, हवा जास्त लागते, श्वास लवकर संपतो.

आता स्वर बदलायचे कसे? ओठ आवळून-सैल करून एकाच नळीतून ठरावीक स्वरांची शिडी मिळते. बी फ्लॅट, मग वरचा एफ, मग वरचा बी फ्लॅट, डी, एफ, अशी. शिडीच्या पायऱ्या खाली लांब लांब आणि वर जवळ जवळ असतात. मधले स्वर भरून काढायला ट्रम्पेटवर तीन व्हॉल्व्ह आहेत. बोट दाबलं की झालं. ट्रॉम्बोनवर नळीच लांब करावी लागते. त्यासाठी आत-बाहेर सरकणारा नळीचा भाग म्हणजे स्लाइड. स्लाइडची सात स्थानं असतात आणि प्रत्येक पुढच्या स्थानाला स्वर अर्धा सूर खाली जातो. स्थानांवर खुणा नाहीत, खाचा नाहीत. कान आणि खांदा मिळून ती शोधायची.

एक उदाहरण बघा. खालचा बी फ्लॅट पहिल्या स्थानात वाजतो, स्लाइड पूर्ण आत. त्याच्या लगेच वरचा बी, फक्त अर्धा सूर वर, सातव्या स्थानात असतो, हात पूर्ण ताणून. कागदावर शेजारी असलेले हे दोन स्वर हाताला सर्वांत लांबचे आहेत. ट्रम्पेटवाल्याला असली जोडी बोटाच्या हालचालीत मिळते.

वरच्या भागात चित्र पालटतं. शिडीच्या पायऱ्या जवळ आल्यामुळे एकच स्वर दोन-तीन स्थानांत सापडतो. मधल्या सी च्या वरचा डी पहिल्या स्थानात मिळतो आणि चौथ्यातही. त्याखालचा बी फ्लॅट पहिल्यात आणि पाचव्यातही. म्हणजे जलद ओळ वाजवताना हात मागेपुढे पळवण्याऐवजी जवळचं स्थान निवडता येतं. यामुळेच आधुनिक जॅझ ट्रॉम्बोनवाले चपळ ओळी बहुधा वाद्याच्या मधल्या-वरच्या भागात वाजवतात.

तेव्हा वाजवणारा हळू नसतो. प्रत्येक ओळीआधी त्याला रस्ता निवडावा लागतो, एवढंच.

मग ई फ्लॅट ब्लूज ट्रॉम्बोनला सोपा की अवघड?

हाताला चांगला बसतो. ई फ्लॅट आणि ए फ्लॅट, म्हणजे घरचा स्वर आणि चौथा, दोन्ही तिसऱ्या स्थानात मिळतात. पाचवा, म्हणजे बी फ्लॅट, पहिल्यात. हात बहुतांश वेळ जवळच राहतो. ट्रॉम्बोनवाल्यांना फ्लॅटच्या पट्ट्या आवडतात त्या उगाच नाही. पण हात जवळ असला तरी जीभ आणि श्वास यांचं काम तेवढंच.

स्लाइड आहे, तर फुलर सूर घसरवत का नाही? ट्रॉम्बोन म्हटलं की तेच आठवतं.

न्यू ऑर्लिन्सच्या सुरुवातीच्या काळात, किड ओरीसारख्यांच्या हातात, ट्रॉम्बोनचं ते मोठं काम होतं: ट्रम्पेटच्या धुनेखालून लांब घसरती ओळ ओढायची. सर्कशीत आणि कार्टूनमध्ये अजूनही तेच चालतं.

चाळीसच्या दशकात बीबॉप ही वेगवान, गुंतागुंतीची जॅझ शैली आली. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांच्या वेगाला घसरता सूर पुरणार नव्हता. जे. जे. जॉन्सनने स्लाइडवरच सुटे, नेमके, जलद स्वर काढून दाखवले, इतके स्वच्छ की नुसती रेकॉर्ड ऐकणाऱ्या काहींना तो व्हॉल्व्हचा ट्रॉम्बोन वाटला. युक्ती जिभेत आहे. स्लाइड एका स्थानातून दुसऱ्याकडे जात असताना हवा चालूच असते. जिभेने नेमक्या क्षणी हलका स्पर्श केला नाही तर मधली सगळी घसरण ऐकू येते. स्पर्श जोरात झाला तर ओळ तुटते, हळू झाला तर ओघळते. या दोहोंच्या मधली जागा म्हणजे आधुनिक ट्रॉम्बोनची भाषा. काही जण, उदाहरणार्थ कार्ल फोंटाना, जीभ दोन्ही बाजूंनी हलवण्याची ‘डूडल’ पद्धत वापरत. बॉब ब्रुकमेयरने सरळ व्हॉल्व्हचा ट्रॉम्बोनच घेतला.

फुलर जॉन्सनच्या वळणाचा. पण जॉन्सनचा आवाज गोल, मापात बसवलेला, जणू आधी इस्त्री केलेला. फुलरच्या स्वराची सुरुवात किंचित खरबरीत असते आणि मोठ्या वाक्याच्या शेवटी तो थोडा मोकाट सुटतो. मला हा मोकाटपणा आवडतो. काहींना तो कमी ‘शुद्ध’ वाटतो.

एकलवादनात नेमकं काय ऐकायचं?

पहिल्या ऐकण्यात स्वर सोडा, श्वास ऐका. फुलर कुठे थांबतो? ट्रॉम्बोनला हवा इतकी लागते की वाक्याची लांबी फुप्फुसं ठरवतात. कच्चा वादक हवा संपली म्हणून थांबतो आणि ते कळतं. फुलरची वाक्यं बहुतेक वेळा अर्थ पूर्ण झाला म्हणून थांबल्यासारखी वाटतात. श्वास घेण्याची जागा त्याने आधीच हेरलेली असते.

दुसऱ्यांदा ऐकताना आवर्तन मोजा. बोटावर बारा मापं धरा आणि पाचव्या मापाला, म्हणजे कॉर्ड बदलते तिथे, तो काय करतो ते पाहा. कधी कधी एखादं वाक्य या सीमेवरून सरळ पलीकडे जातं, तेव्हा आवर्तनाची भिंत मऊ होते. ब्लूजमध्ये दर बारा मापांना पूर्णविराम देणं सोपं असतं आणि कंटाळवाणंही.

तिसऱ्यांदा ड्रम्सकडे कान द्या. या ट्रॅकमध्ये फिली जो एकाच चालीवर बसून राहत नाही. मधल्या एकलवादनांत तो मूळ लय तशीच ठेवून दुप्पट चालीचा भास उभा करतो. आवर्तन तेवढ्याच वेळात पूर्ण होतं, पण प्रत्येक मात्रेच्या पोटात दुप्पट हालचाल असते. ट्रम्पेटवाल्याला हे आमंत्रण असतं. ट्रॉम्बोनवाल्याला ते आव्हान असतं, कारण आता जीभ आणि मनगट यांचा ताळमेळ चुकला तर तो लपत नाही. दुप्पट चालीत फुलर सगळंच दुप्पट करत नाही. काही ओळी तो पळवतो आणि मध्येच मूळ लयीतला एखादा रुंद स्वर ठेवून देतो. खाली गडबड चालू असताना वर तो स्वर स्थिर उभा राहतो. माझ्या मते सगळ्या एकलवादनाचं सार त्या फरकात आहे.

चौथ्यांदा? चौथ्यांदा फक्त पॉल चेंबर्स ऐका. तो २२ वर्षांचा आहे आणि फुलरच्या आवाजाच्या अगदी खालच्या खोलीत राहतो. ट्रॉम्बोन खाली उतरला की दोघांची धडक व्हायला हवी, होत नाही.

व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ म्हणजे खरंच घरातली बैठकीची खोली होती?

हो. त्याच्या आईवडिलांच्या हॅकेनसॅकमधल्या घरातली. शेजारच्या खोलीतून काचेआडून तो यंत्रं चालवायचा आणि दिवसा चष्मे तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट होता. १९५९ मध्ये त्याने एंगलवूड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला. त्याची ध्वनिमुद्रणाची ढब जवळची आहे. मोठ्या सभागृहातलं अंतर त्यात नाही, फुंकवाद्यं श्रोत्याच्या तोंडावर येतात. ट्रॉम्बोनला याचा फायदा होतो, कारण स्वराच्या सुरुवातीचा तो खरबरीत स्पर्श दूरच्या माइकमध्ये विरून गेला असता. पियानोचा आवाज मात्र मला त्याच्या रेकॉर्डांवर नेहमीच थोडा कोंडलेला वाटतो.

याच अल्बमवरच्या ‘मोमेंट्स नोटिस’ या रचनेच्या नावामागे फुलर आहे, हे खरं का?

फुलर तशी गोष्ट सांगायचा: एवढं अवघड काहीतरी आयत्या वेळी वाजवायला लावतात, अशी कुरकुर त्याने केली आणि त्यातूनच नाव आलं. गोष्ट छान आहे, आणि रचना ऐकली की कुरकुर पटतेही. तिथे कॉर्ड्स भराभर बदलतात, एकेका मापात दोन-दोन. वर सांगितलेली रस्ता निवडण्याची अडचण इथे दुप्पट होते, कारण एका कॉर्डसाठी निवडलेलं स्थान दुसरी कॉर्ड येईपर्यंत गैरसोयीचं होऊन बसतं. शीर्षक ट्रॅकमध्ये फुलरला बोलायला जागा आहे, इथे त्याला धावावं लागतं. दोन्ही लागोपाठ ऐकले तर वादकाची पूर्ण ओळख होते.

शीर्षक ट्रॅकचा दुसरा टेक (त्याच रचनेचं वेगळं ध्वनिमुद्रित वादन) उपलब्ध आहे का?

आहे. २०२२ मध्ये ‘कम्प्लीट मास्टर्स’ नावाने निघालेल्या संचात पर्यायी टेक मिळतात. मूळ आधी चांगला मुरवा, मगच तिकडे वळा. त्याच दिवशी, त्याच माणसांबरोबर, त्याच बारा मापांवर फुलर वेगळं काय करतो, हे ऐकलं की आयत्या वेळचं काय आणि सवयीचं काय हे आपोआप वेगळं होतं. सवयीचं असणं हा दोष नव्हे. प्रत्येक वादकाच्या खिशात काही तयार वाक्यं असतात.

छोट्या गटांत ट्रॉम्बोन इतका कमी का दिसतो?

मोठ्या स्विंग बँडांत तीन-चार ट्रॉम्बोन असत. युद्धानंतर ते बँड परवडेनासे झाले आणि पाच जणांचा गट रूढ झाला: ट्रम्पेट, टेनर, पियानो, बास, ड्रम्स. तिसऱ्या फुंकवाद्याचं मानधन द्यायचं तर क्लबमालकाला कारण हवं. शिवाय वर सांगितलेली वेगाची अडचण होतीच.

पण तिसरं वाद्य आलं की काय होतं, ते ‘ब्लू ट्रेन’च्या पहिल्या काही सेकंदांतच कळतं. ट्रम्पेट आणि टेनर दोघेच असते तर ती हाक रिकामी वाटली असती. खालून ट्रॉम्बोन आला की तिला छाती मिळते. ब्लेकीनेही १९६१ मध्ये फ्रेडी हबर्ड आणि वेन शॉर्टर यांच्या जोडीला फुलर घेतला आणि त्याचा पाचांचा गट सहांचा झाला. त्या गटाची फुंकवाद्यं ऐकताना ती तीनच आहेत यावर विश्वास बसत नाही.

मी ट्रॉम्बोन शिकतो. हे एकलवादन उतरवून काढू का?

काढा, पण छापील स्वरलेखन विकत घेऊन नव्हे. आधी गा. आवाज बेसूर असला तरी चालेल. एखादी फ्रेज तोंडाने म्हणता येत नसेल तर स्लाइडवर ती येणार नाही. वेग कमी करणारं कुठलंही अ‍ॅप वापरा, पण पट्टी बदलू देऊ नका. मग प्रत्येक फ्रेजसाठी दोन वेगवेगळे रस्ते शोधा आणि कोणता मूळच्या उच्चारासारखा ऐकू येतो ते तपासा. काही स्वरांमध्ये जिभेचा स्पर्श जवळजवळ ऐकू येत नाही; तिथे शिडीची पायरी ओलांडली असण्याची शक्यता धरा, कारण पायरी ओलांडताना जिभेशिवायही स्वर स्वच्छ सुटतो. असा शोध घेताना फुलरचा हात डोळ्यांसमोर दिसायला लागतो.

पूर्ण वेगाची घाई करू नका. दुप्पट चालीचा भाग सगळ्यात शेवटी.

पुढे काय ऐकू?

फुलरचंच हवं असेल तर १९५९चा ‘ब्लूजेट’, बेनी गोल्सनबरोबर. त्यातलं ‘फाइव्ह स्पॉट आफ्टर डार्क’ एकदा ऐकलं की दिवसभर गुणगुणत राहाल. ब्लेकीबरोबरचा ‘फ्री फॉर ऑल’ (१९६४) म्हणजे उलट टोक; आवाज कमी करून ऐकण्यासारखा नाही.

जे. जे. जॉन्सनसाठी माइल्स डेव्हिसचं ‘वॉकिन’ घ्या, एप्रिल १९५४चं, हॅकेनसॅकच्याच खोलीतलं. तोही लांब ब्लूज आहे, त्यामुळे फुलरशी थेट तुलना होते. जिमी नेपर ऐकायचा तर चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आह अम’. तिथे ट्रॉम्बोन रडतो, कुरकुरतो, जुन्या न्यू ऑर्लिन्सची घसरण नव्या कपड्यांत परत आणतो. ग्रशन मॉन्कर तिसरा याचा १९६३चा ‘इव्होल्यूशन’ मोकळ्या, गूढ अंगाचा, सगळ्यांना रुचेल असा नाही. आणि मेल्बा लिस्टन राहू देऊ नका. ट्रॉम्बोनवादक आणि संयोजक म्हणून तिचं नाव या यादीत सहसा विसरलं जातं.

हेडफोन की स्पीकर?

पहिल्यांदा स्पीकर, जरा मोठ्या आवाजात. जीभ आणि श्वास तपासायला बसाल तेव्हा हेडफोन.